गाडीचे तारे, खासदारांचा तारांकित प्रश्न आणि आमच्या सोसायटीचे निवेदन

सचिव_मुलुंड

नमस्कार मंडळी.

मुलुंड पूर्वेला आमची अठ्ठेचाळीस सदनिकांची सोसायटी आहे आणि सध्या तिचे सचिवपद माझ्याकडे आहे. गेल्या पावसाळ्यात आमच्या इमारतीतला एकोणीस वर्षांचा एक मुलगा मित्राच्या स्कूटरवर मागे बसून क्लासहून परतताना अपघातात गेला. चालवणाऱ्या मित्राच्या डोक्यावर हेल्मेट होते, याच्या नव्हते. मागून आलेल्या मोटारीचा धक्का इतका किरकोळ होता की त्या मोटारीचा फक्त एक दिवा फुटला. त्यानंतरच्या सर्वसाधारण सभेत लेखापरीक्षकाची नेमणूक आणि टाकीची गळती हे दोन्ही विषय बाजूला पडले आणि आपल्या खासदारांना रस्ते अपघातांबाबत निवेदन द्यावे असे एकमताने ठरले. मसुदा अर्थातच सचिवांनी करायचा.

मी दहा मागण्या लिहिल्या. शांतपणे पुन्हा वाचल्यावर लक्षात आले की त्यांतल्या नऊ मागण्या माणसांच्या वागण्याबद्दल आहेत: दंड वाढवा, शाळांत व्याख्याने ठेवा, परवाना देताना कडक परीक्षा घ्या, रात्री नाकाबंदी करा, इत्यादी. दहावी मागणी तेवढी वाहनांबद्दल आहे आणि ती म्हणजे ‘कंपन्यांनी सुरक्षित वाहने बनवावीत’. हे वाक्य ‘पाऊस वेळेवर पडावा’ याच जातीचे आहे. त्याला कोणी विरोध करणार नाही आणि त्यावर कोणी काही करणारही नाही.

वाहनांबद्दल काही नेमके मागायला हवे असे मला वाटू लागले, त्याला एक साधी घटना कारण झाली. मागच्या आठवड्यात दादर स्थानकाबाहेर टॅक्सीत बसले आणि मागचा बेल्ट शोधू लागले. पट्टा सापडला, तो दाराशी लोंबत होता. बकल मात्र कुठेच नव्हते. आसनाच्या फटीत हात घातला तर बिस्किटांचा चुरा, एक रुपयाचे नाणे आणि कोणाची तरी केसांची पिन हाती लागली, आणि रेक्झिनच्या कव्हराखाली काहीतरी टणक जाणवले. ते बकल होते, कव्हराच्या आत शिवले गेलेले. टॅक्सीवाले काका आरशातून बघत म्हणाले, “ताई, मागे कोण लावतं?” नियम आहे, दंड आहे, पट्टाही आहे आणि तरी मला हवा असताना तो लावता येत नाही. मग येथे व्याख्यान नक्की कोणाला द्यायचे?

तेव्हा जाणकारांना माझे तीन प्रश्न आहेत. मोटारींना टकरीच्या चाचणीत सुरक्षिततेसाठी मिळणारे तारे सक्तीचे आहेत का, आणि नसतील तर तशी मागणी करणे शहाणपणाचे आहे का? दुचाकीच्या बाबतीत, जिच्यावरून आमचा मुलगा गेला, वाहनातच करता येण्यासारखे काय आहे? आणि या सगळ्यांतले काय खासदारांकडे मागायचे, काय परिवहन विभागाकडे, काय महापालिकेकडे? चुकीच्या दारावर टकटक करून परत यायची आमची तयारी नाही.

निवृत्त_अभियंता

सचिवताई, आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडे सविस्तर देतो, कारण त्यात बरेच गैरसमज आहेत. वाहन उद्योगात माझी एकतीस वर्षे गेली आणि त्यांतली शेवटची नऊ टक्कर-चाचण्यांच्या कामात.

तारे आणि कायदा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कायद्याने प्रत्येक मोटारीला एक किमान परीक्षा पास व्हावीच लागते. समोरची टक्कर ताशी ५६ किलोमीटरला आणि बाजूची ५० ला, अशी ही सक्ती आपल्याकडे नव्या मॉडेलांना ऑक्टोबर २०१७ पासून आणि आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेलांना ऑक्टोबर २०१९ पासून लागू झाली. म्हणजे त्याआधी कित्येक दशके आपल्याकडे अशी परीक्षाच नव्हती, हे नव्या पिढीला सांगितले तर खरे वाटत नाही. तारे देणारी योजना, भारत एनकॅप, ही मात्र १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली आणि ती ऐच्छिक आहे. त्यात समोरची टक्कर ताशी ६४ किलोमीटरला घेतात. आठ किलोमीटरचा फरक ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण टकरीची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे प्रत्यक्षात ती सुमारे तीस टक्क्यांनी जास्त असते. पाच ताऱ्यांसाठी प्रौढांच्या संरक्षणात ३२ पैकी किमान २७ आणि मुलांच्या संरक्षणात ४९ पैकी किमान ४१ गुण लागतात, आणि तीन किंवा त्याहून अधिक तारे हवे असतील तर गाडीने पादचारी संरक्षणाचा निकषही पूर्ण करावा लागतो.

हे तारे आले कसे, तेही सांगण्यासारखे आहे. २०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात खपणाऱ्या पाच छोट्या मोटारींच्या एअरबॅग नसलेल्या आवृत्त्या ६४ च्या वेगाने आपटल्या आणि पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. आमच्या खात्यात त्या दिवशी कोणी फारसे बोलले नाही. बाहेर मात्र ‘भारतातल्या रस्त्यांवर इतका वेग असतोच कुठे’ हा युक्तिवाद जोरात चालला, आणि तो करणाऱ्यांत आमच्यातलेही लोक होते हे मी आज मान्य करतो. त्यानंतर पाच वर्षे उलटायच्या आत, २०१८ च्या डिसेंबरात, येथेच तयार झालेल्या टाटा नेक्सॉनला पाच तारे मिळाले. तोच देश, तेच अभियंते आणि पोलादही तेच. बदलले ते एवढेच की निकाल लोकांना दिसू लागला आणि गिऱ्हाईक शोरूममध्ये त्याबद्दल विचारू लागले.

म्हणून माझी सूचना अशी की ‘सर्व गाड्यांना पाच तारे सक्तीचे करा’ असे लिहू नका. त्यावर ‘किमती वाढतील’ हे एका ओळीचे उत्तर तयार असते. सक्ती मागायची ती चाचणीची आणि निकाल दाखवण्याची. आपण फ्रिज किंवा एसी घ्यायला जातो तेव्हा त्यावर वीजबचतीच्या ताऱ्यांचे लेबल असावेच लागते. मग विजेच्या बिलासाठी जे सक्तीचे आहे ते जिवासाठी ऐच्छिक का, हा प्रश्न कोणालाही समजतो. शोरूमच्या किंमतपत्रकात आणि जाहिरातीत किमतीइतक्याच मोठ्या अक्षरांत तारे छापावेत, आणि चाचणी झालेली नसेल तर ‘चाचणी झालेली नाही’ असे छापावे. शिवाय तो निकाल बेस मॉडेलचा असावा. विक्रेते सनरूफचे कौतुक अर्धा तास करतात आणि एअरबॅग किती, हे विचारल्यावर टॉप मॉडेलचा आकडा सांगतात.

आता आपल्या टॅक्सीतल्या बकलाविषयी. ताशी ५० च्या वेगात गाडी आपटली तर बेल्ट न लावलेला माणूस त्याच वेगाने पुढे जातो, आणि तो वेग साधारण दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून, खाली पडण्याइतका असतो. गॅलरीला कठडा नको असे कोणी म्हणत नाही. मागच्या आसनावर आपण सुरक्षित असतो ही समजूत तर फारच घातक आहे, कारण मागचा माणूस समोरच्या आसनावर आदळतो तेव्हा त्या आसनावरच्या, बेल्ट लावलेल्या माणसालाही तो चिरडू शकतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला, ते मागे बसले होते आणि त्यांनी बेल्ट लावलेला नव्हता. गाडी उत्तम प्रतीची होती. त्यानंतर मुंबईत १ नोव्हेंबर २०२२ पासून मोटारीतील सर्वांना बेल्ट सक्तीचा असल्याचे वाहतूक पोलिसांनी जाहीर केले. मागच्या बेल्टचा नियम मुळात त्याच्या कित्येक वर्षे आधीपासून पुस्तकात होता. एअरबॅगविषयीही एक खुलासा करतो. ती पापणी लवायच्या आत फुगते आणि बेल्टने धरून ठेवलेल्या माणसासाठी बनवलेली असते, त्यामुळे ‘एअरबॅगा आहेत, बेल्ट कशाला’ हे म्हणणे उलटे आहे.

तीन बिंदूंवर अडकणारा हा पट्टा व्होल्वोचे अभियंते निल्स बोलिन यांनी १९५९ साली आणला आणि कंपनीने त्याचे पेटंट इतरांना वापरायला खुले केले. माझ्या सगळ्या नोकरीत यापेक्षा स्वस्त आणि गुणकारी वस्तू माझ्या पाहण्यात आली नाही. ती रेक्झिनखाली शिवलेली असावी हे वाचून वाईट वाटले.

रातपाळी

अभियंता काकांचे सगळे मान्य आहे, पण ही चर्चा मोटारीच्या आतच अडकून पडेल अशी मला भीती वाटते. मी एका सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात बावीस वर्षे परिचारिका आहे. आमच्याकडे रात्री स्ट्रेचरवरून जे येतात त्यांच्यात मोटारीतले लोक थोडे असतात.

हा केवळ माझा अनुभव नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे त्या वर्षी देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मेली, त्यांत ४४.५ टक्के दुचाकीवरची आणि १९.५ टक्के पायी चालणारी होती. म्हणजे शंभरातल्या चौसष्टांना पाच ताऱ्यांच्या एअरबॅगांचा काडीचा उपयोग नव्हता. त्याच वर्षी हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ जणांचा मृत्यू झाला आणि त्यांतले १४,३३७ मागे बसलेले होते. सचिवताई, तुमच्या इमारतीतला मुलगा यांतलाच, फक्त वर्ष वेगळे. मुंबईत मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट हवे, ही कारवाई २०२२ च्या जूनपासून सुरू झाली खरी, पण घरात हेल्मेट एकच असते आणि ते चालवणाऱ्याच्या डोक्यावर जाते, किंवा सिग्नल येईपर्यंत त्याच्या कोपराला लटकते.

हेल्मेटबद्दल जे मला रोज दिसते ते लिहिते. नातेवाईक हेल्मेट सोबत घेऊन येतात आणि ‘हेल्मेट होते हो’ असे पुन्हा पुन्हा सांगतात. मी ते हातात घेऊन आधी हनुवटीखालचा पट्टा बघते. बहुतेक वेळा तो लावलेलाच नसतो, आणि धक्का बसताक्षणी हेल्मेट आधी उडून जाते. दुसरा प्रकार त्या वाटीसारख्या टोप्यांचा, ज्या पदपथावर रचून विकतात. आतला थर्माकोल बोटाने दाबला तर खड्डा पडतो आणि आयएसआयचे चिन्ह असते ते नुसते चिकटवलेले. नवी दुचाकी विकताना विक्रेत्याने मानक ब्यूरोच्या दर्जाचे हेल्मेट द्यावे असा नियमच आहे, पण किती जणांना ते मिळते हे आपल्या इमारतीत विचारून बघा.

वाहनातच करता येण्यासारखे काय, असे तुम्ही विचारले आहे. माझे उत्तर ब्रेक. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या दुचाकींना एबीएस, म्हणजे करकचून ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचे आहे. त्याखालच्यांना नुसती सीबीएस पुरते, जिच्यात एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागतो, पण चाक जाम होऊन घसरण्यापासून ती वाचवत नाही. मुंबईत वापरल्या जाणाऱ्या बहुतेक स्कूटरी या खालच्या गटातल्याच आहेत. आणि जून-जुलैत येथे काय असते? ओले पेव्हर ब्लॉक, मेट्रोच्या कामावरच्या लोखंडी प्लेटा, पहिल्या सरीत वर आलेले तेल. घाबरून करकचून ब्रेक दाबला की पुढचे चाक अडते आणि माणूस गाडीच्या पुढे जाऊन पडतो. हे सगळे मला डॉक्टरांनी शिकवलेले नाही, ‘कसं झालं?’ या प्रश्नाच्या उत्तरांतून कळलेले आहे.

जाता जाता आणखी एक, विषयाला सोडून नाही. अपघातग्रस्ताला आणणाऱ्याला आम्ही नाव-पत्ता द्यायची सक्ती करू शकत नाही, कायद्यात तशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने आलेली आहे. तरी लोक फाटकापाशी सोडून पळतात. मे २०२५ पासून दीड लाख रुपयांपर्यंत, सात दिवसांचे उपचार रोकड न घेता करायची केंद्राची योजनाही आहे. निवेदनात नको, पण सोसायटीच्या फळ्यावर हे लिहून ठेवा.

साताऱ्याचा_टॅक्सीवाला

ताई, ‘मागे कोण लावतं’ म्हणणाऱ्या काकांची बाजू कोणीतरी मांडायला हवी, म्हणून लिहितो. आमच्या घरात दोन काळ्या-पिवळ्या आहेत. वडिलांनी प्रीमिअर पद्मिनी चालवली, तिला मागे बेल्टच नव्हते. शेवटच्या पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेल्या, पण त्या गाडीने आमच्या धंद्याला लावलेल्या सवयी अजून गेलेल्या नाहीत.

आता बकल आत का जाते ते सांगतो. नवी टॅक्सी घेतली की पहिल्याच आठवड्यात रेक्झिनचे कव्हर घालावे लागते, कारण दिवसाला वीस-पंचवीस भाडी, पावसात भिजलेली माणसे, मासळीच्या पाट्या, उलट्या करणारी लहान मुले. मूळ कापड सहा महिने टिकत नाही. कव्हरवाला अख्ख्या बाकाला एकच खोळ शिवतो, तीन ठिकाणी भोके पाडून त्यांना पट्टी मारायची म्हणजे त्याचा अर्धा तास जातो आणि तो त्याचे वेगळे पैसे मागतो. मालक म्हणतो, राहू दे. आम्हीही राहू दिले होते. मागच्या वर्षी एक वयस्कर बाई बकल सापडेना म्हणून दार उघडून उतरून गेल्या, तेव्हा मी घरी येऊन ब्लेडने स्वतः कव्हर कापले आणि बकले बाहेर काढली. कडा उसवत होत्या म्हणून चांभाराकडून शिवून घेतल्या, दीडशे रुपये लागले. तेव्हापासून दहातला एखादा प्रवासी बेल्ट लावतो. बकल आत असताना एकही लावत नव्हता.

टॅक्सीला फिटनेस प्रमाणपत्र लागते, आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी. त्या तपासणीत मागची बकले वापरता येतात का हे खरोखर ओढून पाहिले, तर महिन्याभरात सगळे कव्हरवाले आपोआप भोके पाडूनच खोळी शिवतील. एवढी साधी गोष्ट आहे. पण फिटनेसबद्दल कडू सांगायचे तर माझ्या भावाचा ट्रक आहे आणि फिटनेसच्या दिवशी काय चालते ते मी पाहिलेले आहे. चमकणाऱ्या पट्ट्या त्या दिवशी नव्या चिकटवतात. मागचा आडवा बंपर, ज्याच्यामुळे मागून आलेली मोटार ट्रकखाली घुसत नाही, तो डंपरवाल्यांचा खडीच्या ढिगावर घासतो म्हणून वर वाकवलेला असतो किंवा काढून ठेवलेला असतो. तपासणीपुरता तो जागेवर येतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वर जातो.

अभियंता साहेबांना विचारतो, पाच ताऱ्यांची गाडी अशा ट्रकखाली गेली तर तारे किती उरतात?

निवृत्त_अभियंता

एकही नाही. मोटारीचे नाक दुमडून टकरीचा मार सोसते आणि माणसे बसतात तो पिंजरा शाबूत ठेवते, हीच सगळी रचना आहे. ट्रकचा तळ बॉनेटच्या वर असेल तर नाकाला काही लागतच नाही, पहिला आघात थेट काचेवर आणि तिच्यामागच्या डोक्यांवर येतो. बंपर किती उंचीवर असावा आणि त्याने किती जोर सोसावा याचे भारतीय मानक आहे, आयएस १४८१२. आपण लिहिलेले वाचून मला माझ्या प्रतिसादात ट्रकचा उल्लेखच नव्हता याची लाज वाटली. ताई, ही मागणी निवेदनात मोटारींच्या ताऱ्यांच्या वर घाला.

पायी_पायी

सगळे ठीक, पण वेगाचे काय? महापालिकेने रस्ते नीट करावेत वगैरे मी येथे काढत नाही, कारण ताईंनी वाहनांबद्दल विचारले आहे. वेग हासुद्धा वाहनाचाच भाग आहे एवढेच म्हणायचे आहे. १ जुलै २०१९ पासून आपल्या प्रत्येक नव्या मोटारीत वेगाची सूचना देणारा आवाज सक्तीचा आहे. तो ताशी ८० ला अधूनमधून आणि १२० च्या पुढे सतत वाजतो. मी माहीमला राहतो. आमच्या रस्त्यावर ८० ने येणारी गाडी आवाज वाजेपर्यंत एखाद्याला उडवून गेलेली असेल. अभियंता साहेबांच्याच हिशेबाने ताशी ३० ची धडक म्हणजे पहिल्या मजल्यावरून पडणे आणि ५० ची म्हणजे तिसऱ्या. ८० चा मजला त्यांनी मोजून सांगावा. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या मोटारीला त्या त्या रस्त्याची वेगमर्यादा ओळखून चालकाला सावध करणारी यंत्रणा बसवावी लागते. हे तंत्र आपल्या कंपन्यांनाही येते, कारण त्याच कंपन्यांच्या गाड्या तिकडे जातात.

निवृत्त_अभियंता

पंचवीस मीटर. आठवा मजला.

वकिली_बाणा

मी मोटार अपघात दाव्यांची कामे करतो. ताईंच्या तिसऱ्या प्रश्नापुरते लिहितो, कारण निवेदने बहुतेक वेळा तेथेच वाया जातात.

वाहन कसे बांधावे, त्यात काय असावे, ब्रेक कोणते, बेल्ट किती, हे ठरवायचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या कलम ११० खाली केंद्र सरकारचा आहे. म्हणून ताऱ्यांचे लेबल, छोट्या दुचाकींना एबीएस आणि वेगाची सूचना या मागण्या खासदारांमार्फत रस्ते वाहतूक मंत्रालयाकडे जातील. फिटनेस तपासणी मात्र राज्याच्या परिवहन विभागाच्या यंत्रणेतून होते, तेव्हा टॅक्सीतली बकले आणि ट्रकचे बंपर या दोन मागण्यांचे वेगळे पत्र परिवहन आयुक्तांना द्या. दोन्ही एकाच कागदावर लिहिलेत तर प्रत्येक कार्यालय ‘दुसरा भाग आमचा नाही’ असा शेरा मारून तो कागद पुढे सरकवेल आणि पहिला भागही त्याच्याबरोबर जाईल. महापालिकेला या खेपेस काहीच लिहू नका. खड्ड्यांसाठी स्वतंत्र निवेदन द्या, ते केव्हाही देता येते आणि दुर्दैवाने दरवर्षी द्यावे लागते.

खासदारांना नुसते ‘लक्ष घालावे’ असे लिहू नका. लोकसभेत तारांकित प्रश्न विचारावा अशी विनंती करा. त्याला मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावे लागते आणि त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात. गाडीच्या ताऱ्यांसाठी तारांकित प्रश्न, हे त्यांच्या स्वीय साहाय्यकाच्याही लक्षात राहील. प्रश्नाचा मसुदा तुम्हीच तयार करून द्या, आणि तो माहिती मागणारा असावा, मत मागणारा नको. उदाहरणार्थ, आजवर किती मॉडेलांची चाचणी झाली, विक्रीत असलेल्या किती मॉडेलांची झाली नाही, आणि निकाल जाहिरातीत छापणे बंधनकारक करण्याचा प्रस्ताव आहे काय.

आणखी एक दार आहे जे सहसा कोणी ठोठावत नाही. वाहन नियमांत बदल करण्याआधी मंत्रालय राजपत्रात मसुदा प्रसिद्ध करते आणि ठरावीक मुदतीत जनतेकडून हरकती व सूचना मागवते. सर्व दुचाकींना एबीएस देण्याचा असा मसुदा २०२५ च्या जूनमध्ये निघाला होता. अशा मसुद्यांवर उद्योगांच्या संघटना वेळेत आणि तपशीलवार लिहितात. ज्यांच्या घरातले माणूस गेले आहे अशा एखाद्या सोसायटीचे पत्र तेथे गेलेले मी तरी पाहिलेले नाही. पत्र साध्या मराठीत चालेल, पण मसुद्यातल्या कोणत्या नियमाबद्दल आहे हे त्यात लिहिलेले असले पाहिजे.

शेवटी, एखाद्या सदस्याच्या गाडीत खरोखरच निर्मितीदोष असेल, म्हणजे बेल्ट अडकतो, एअरबॅगचा दिवा जळतच राहतो, ब्रेक सोडतो, तर विक्रेत्याशी भांडून थांबू नका. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ११०-अ प्रमाणे सदोष गाड्या परत मागवण्याचा आदेश केंद्र देऊ शकते, पण त्यासाठी मालकांच्या तक्रारी ठरावीक प्रमाणात नोंदलेल्या असाव्या लागतात. सातशे जण समाजमाध्यमांवर ओरडले आणि सात जणांनीच तक्रार नोंदवली, तर कायद्याच्या दृष्टीने ती गाडी सात जणांपुरतीच सदोष असते.

सचिव_मुलुंड

सर्वांचे मनापासून आभार. दहा मागण्यांच्या आता दोन पत्रांत मिळून पाच राहिल्या आहेत. खासदारांच्या पत्रात तीन: सर्व मोटारींची चाचणी आणि निकाल किमतीसोबत छापण्याची सक्ती, छोट्या दुचाकींना एबीएस, आणि रस्त्याच्या मर्यादेप्रमाणे वेगाची सूचना देणारी यंत्रणा. परिवहन आयुक्तांच्या पत्रात दोन, आणि त्यांत ट्रकचा बंपर पहिला. दंड वाढवा, ही मागणी काढल्याबद्दल आमचे खजिनदार नाराज आहेत, त्यांना मी टॅक्सीवाल्या दादांचा प्रतिसाद वाचून दाखवला.

रविवारी सकाळी आमच्याच वाहनतळात एक फेरी मारली. पहिल्या सहा गाड्यांपैकी चारांत मागचे मधले बकल कव्हराखाली होते, त्यांत एक गाडी माझी. दुपारपर्यंत ब्लेड घेऊन तिघेजण खाली बसले होते. त्या मुलाचे वडीलही येऊन थोडा वेळ उभे राहिले, मग कव्हराची कड धरून ठेवायला बसले.

वकीलसाहेब, एकच शंका. ताऱ्यांच्या मागणीत कलम ११० लिहायचे की ११०-अ? पत्र मंगळवारी द्यायचे आहे.

वकिली_बाणा

११०. ११०-अ फक्त गाड्या परत मागवण्याचे आहे. आणि पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.